समाजशास्त्राच्या पदवीसाठी २४ लाखांचे शैक्षणिक कर्ज घ्यावे का?

प्रश्न: ऐरोलीतील पालक

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिला समाजशास्त्रातच पदवी घ्यायची आहे, याबद्दल आमच्या घरात आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो पैशांचा. महाराष्ट्राबाहेरील एका खासगी विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला आहे आणि शिक्षण शुल्क, वसतिगृह व भोजन मिळून तिथे वर्षाला सुमारे ११ लाख रुपये खर्च येईल. त्यातले तीन लाख आम्ही दरवर्षीच्या मिळकतीतून देऊ शकतो. उरलेले आठ लाख, म्हणजे तीन वर्षांत २४ लाख, कर्ज काढूनच उभे करावे लागतील. दुसरीकडे मुंबई विद्यापीठाशी संलग्न अनुदानित महाविद्यालयात तिला प्रवेश मिळण्याची चांगली शक्यता आहे आणि तिथले शुल्क वर्षाला काही हजारांत आहे.

यजमान तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत पर्यवेक्षक आहेत आणि मी शाळेत शिकवते. त्यांचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांच्या आसपास, माझे पाच. ऐरोलीतल्या घराचे कर्ज नुकतेच फिटले आहे, आणि बँकेने शैक्षणिक कर्जासाठी तारण म्हणून नेमके तेच घर मागितले आहे. धाकटा मुलगा नववीत आहे.

समाजशास्त्राच्या पदवीधराला पहिल्या चार-पाच वर्षांत खरोखर किती पगार मिळतो आणि त्या पगारातून हे कर्ज फिटू शकते का, हे मला समजून घ्यायचे आहे. पदवीनंतरची मिळकत आणि शिक्षणाचे कर्ज यांची तुलना करणारे पुष्कळ इंग्रजी लेख मी वाचले, परंतु ते सगळे अमेरिकेतले किंवा इंग्लंडमधले निघाले. कृपया ‘त्यापेक्षा बी.कॉम. करू द्या’ असा सल्ला देऊ नये. तो नातेवाइकांकडून भरपूर मिळाला आहे.

उत्तर: नौपाडा, निवृत्त बँक अधिकारी

ताई, पगाराचे इतर लोक सांगतील, मी कर्जाचे सांगतो, कारण बँकेच्या टेबलापलीकडे बसून मी अशी पुष्कळ प्रकरणे पाहिली आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पालकांनी ‘महिन्याला हप्ता किती’ हा प्रश्न शेवटच्या वर्षापर्यंत विचारलेलाच नव्हता.

व्याजदर दहा टक्के धरू, कारण हिशेब सोपा जातो. तुमच्या मुलीच्या नावावर दरवर्षी आठ लाख वितरित होतील. शिक्षणाची तीन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याज चालूच असते. हे व्याज सरळ पद्धतीने आकारतात, हा त्यातला दिलासा. पहिल्या आठ लाखांवर चार वर्षांचे ३ लाख २० हजार, दुसऱ्या आठ लाखांवर तीन वर्षांचे २ लाख ४० हजार आणि तिसऱ्यांवर दोन वर्षांचे १ लाख ६० हजार, असे ७ लाख २० हजार रुपये पहिला हप्ता सुरू होण्याआधीच मुद्दलात मिसळतात. म्हणजे फेड सुरू होते तेव्हा कर्ज २४ लाखांचे नसून ३१ लाख २० हजारांचे असते. पंधरा वर्षांच्या मुदतीने त्याचा मासिक हप्ता सुमारे ३३,५०० रुपये होतो आणि शेवटपर्यंत भरत राहिल्यास एकूण ६० लाखांहून अधिक रक्कम जाते. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता ४१,००० च्या पुढे जातो.

तुम्ही शिक्षणकाळातच दरमहा व्याज भरत गेलात तर मुद्दल २४ लाखांवरच राहते आणि पंधरा वर्षांचा हप्ता सुमारे २५,८०० रुपयांवर येतो. अशा कर्जदारांना काही बँका व्याजदरात सवलतही देतात, शिवाय काही सार्वजनिक बँकांत मुलींसाठी अर्ध्या टक्क्याची वेगळी सवलत असते. मात्र तिसऱ्या वर्षापासून हे व्याजच महिन्याला २० हजार रुपये होईल, आणि तुम्ही जे तीन लाख दरवर्षी देणार आहात ते याच मिळकतीतून जाणार आहेत, हे विसरू नका.

तारणाविषयी. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज केंद्र सरकारच्या पतहमी योजनेखाली तारण आणि त्रयस्थ जामीनदार यांच्याशिवाय मिळू शकते, त्यापलीकडे बँका सहसा तारण मागतात. तुमचे घर मागण्याचे कारण हेच. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्या यादीत ते विद्यापीठ असेल तर तारणाविना कर्ज मिळण्याची वाट आहे, म्हणून यादी जरूर पाहा. परंतु त्या योजनेतील तीन टक्के व्याजसवलत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना आणि दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर आहे, त्यामुळे ती तुम्हाला लागू होणार नाही.

कर्ज देणारे प्रतिनिधी प्राप्तिकरातील ‘कलम ८०ई’चे नाव हमखास घेतील. व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत आणि कमाल मर्यादेशिवाय मिळते हे खरे आहे, पण ती जुन्या करप्रणालीतच. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने तुम्हा दोघांनाही आज कर बसत नसावा. जिथे करच नाही तिथे वजावट कशातून करणार? हा फायदा तुमच्या हिशेबातून सरळ वजा करा.

उत्तर: ढोकाळी

मुलींना उच्च शिक्षण मोफत झाले आहे ना? मग कर्जाचा प्रश्नच कुठे येतो?

उत्तर: नौपाडा, निवृत्त बँक अधिकारी

राज्य सरकारचा २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींसाठी आहे. बी.ए. त्यात येत नाही, आणि परराज्यातील खासगी विद्यापीठ तर नाहीच नाही.

उत्तर: वाशी, सामाजिक संशोधक

मी समाजशास्त्रातच बी.ए. आणि एम.ए. केले आहे, पहिले मुंबईतील अनुदानित महाविद्यालयातून आणि दुसरे मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून. त्यामुळे तुमच्या मूळ प्रश्नाला थेट उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

केवळ बी.ए. समाजशास्त्र झालेल्या मुलीला ‘समाजशास्त्रज्ञ’ म्हणून कोणी नोकरी देत नाही. तिला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला मिळते तीच नोकरी मिळते, मग ती ऐरोली-महापेच्या पट्ट्यातील ग्राहकसेवा केंद्रात असो, मनुष्यबळ विभागात असो किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेत क्षेत्रीय समन्वयक म्हणून असो. मला पदवीनंतर पहिली नोकरी सर्वेक्षणाच्या कामावर लागली तेव्हा महिन्याला २२ हजार मिळत होते. एम.ए. आणि चार वर्षांच्या अनुभवानंतर आज मी एका सल्लागार कंपनीत ५८ हजारांवर आहे. माझ्या तुकडीत माझ्याहून बरेच अधिक मिळवणारे आहेत, आणि शिकवण्या घेऊन कसेबसे भागवणारेही आहेत. काकांनी सांगितलेला ३३,५०० चा हप्ता माझ्या पहिल्या पगाराशेजारी ठेवून पाहिला तर काय दिसते ते वेगळे सांगायला नको.

तरीही या विषयाला काम नाही असे समजू नका. काम आहे, पण ते पदव्युत्तर शिक्षणानंतर उघडते आणि त्याला वेगळी नावे असतात. भूसंपादन व पुनर्वसनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि त्यात सामाजिक परिणाम मूल्यमापनाची तरतूद आली. रस्ता, रेल्वे, धरण अशा प्रकल्पांतले बाधित कुटुंबांचे सर्वेक्षण, जनसुनावणी आणि पुनर्वसन आराखडा ही सगळी कामे आमच्यासारखे लोक करतात. २००२ पासूनच्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रूळांलगतच्या झोपड्यांचे पुनर्वसन हा केवढा मोठा भाग होता, हे इथल्या जुन्या रहिवाशांना आठवत असेल. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्यामुळे त्या खर्चाचे नियोजन आणि मूल्यमापन करणारी माणसे लागतात. बाजार संशोधन आहे, आणि अलीकडे मोबाइल ॲप बनवणाऱ्या कंपन्या वापरणाऱ्यांच्या सवयी समजून घेण्यासाठीही माणसे घेतात.

या सर्व ठिकाणी मुलाखतीत मला एकदाही ‘तुम्ही बी.ए. कुठून केले?’ हा प्रश्न निर्णायक ठरताना दिसला नाही. प्रश्नावली तयार करता येते का, नमुना निवड समजते का, आकडेवारीचे सॉफ्टवेअर हाताळता येते का, मराठीत घेतलेल्या मुलाखतीवरून नीट इंग्रजी अहवाल लिहिता येतो का, हे विचारले जाते. एम.ए. कुठले, हे मात्र नक्की पाहतात.

म्हणून माझे मत असे आहे की कर्ज काढायचेच असेल तर ते पदवीसाठी नव्हे, पदव्युत्तर शिक्षणासाठी काढावे, आणि तेव्हाही कदाचित ते लागणार नाही. वाशीहून हार्बर मार्गाने मानखुर्द आणि मग गोवंडी, की देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आली. १९३६ ची ही संस्था तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिच्या शेजारीच लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते आणि जिथून बाहेर पडलेल्या मुलांना आकडेवारीच्या ज्ञानामुळे तुलनेने लवकर काम मिळते. दोन्हीकडचे पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेतून होतात, आणि त्या परीक्षेत पदवीच्या महाविद्यालयाचे नाव विचारात घेतले जात नाही.

उत्तर: कोपरी

परदेशी लेखांविषयी थोडे लिहितो, कारण त्यांचे निष्कर्ष आपल्याकडे उचलून आणण्यात मोठा धोका आहे.

इंग्लंडमध्ये करनोंदी आणि शिक्षणनोंदी एकमेकींना जोडून कोणत्या विद्यापीठातून कोणता विषय घेतलेल्यांना काही वर्षांनी किती मिळकत होते, याची आकडेवारी सरकार प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वर अभ्यासक्रमनिहाय मिळकत आणि कर्ज दोन्ही पाहता येते. आपल्याकडे असे काही नाही. श्रमशक्ती सर्वेक्षणातून शिक्षणाची पातळी आणि मिळकत यांचा अंदाज येतो, परंतु ‘समाजशास्त्राचा पदवीधर’ असा वेगळा आकडा त्यात प्रसिद्ध होत नाही.

त्याहून महत्त्वाचा फरक कर्जाच्या स्वरूपात आहे. ऑगस्ट २०२३ पासून पदवीला प्रवेश घेतलेल्या इंग्लंडमधील विद्यार्थ्याला वर्षाला २५,००० पौंडांपेक्षा अधिक मिळकत झाली तरच, आणि त्या वरच्या रकमेच्या नऊ टक्के एवढीच फेड करावी लागते. नोकरी गेली की फेड थांबते आणि ४० वर्षांनी उरलेले कर्ज माफ होते. तिथला समाजशास्त्राचा पदवीधर कमी पगारावर राहिला तर त्याचा हप्ताही कमी राहतो, आणि तोट्याचा काही भाग सरकार सोसते. तिथल्या लेखकाने ‘कर्ज असले तरी आवडीचा विषय घ्या’ असे लिहिले तर ते या व्यवस्थेला धरून असते. आपल्याकडे शिक्षण संपून एक वर्ष झाले की हप्ता सुरू, नोकरी असो वा नसो, आणि थकला तर मुलीबरोबर सहकर्जदार आईवडिलांची पतही बिघडते. शिवाय तुमच्या बाबतीत घर तारण आहे. तेच २४ लाख, पण जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे ते पूर्णपणे बदलते.

विद्यापीठाने दिलेल्या माहितीपत्रकातील ‘सर्वोच्च पगार’ पाहू नका. राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, सादर केलेली माहिती संस्थांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिच्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी पहिल्या वर्षी किती विद्यार्थी आले, ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळतो तो) किती आणि किती जण पुढील शिक्षणाला गेले, हे सगळे एका तक्त्यात असते. हा मध्यक केवळ नोकरी लागलेल्यांचा असतो आणि त्यात अर्थशास्त्र, इंग्रजी, समाजशास्त्र असे सगळे विषय एकत्र असतात, म्हणून समाजशास्त्रासाठी तो खालच्या बाजूने वाचलेला बरा. शंभरांपैकी वीस जणांना नोकरी आणि पन्नास जण पुढील शिक्षणाला असे चित्र दिसले, तर ती पदवी नोकरीत नव्हे, दुसऱ्या पदवीत पोचवते असे समजावे, आणि मग त्या दुसऱ्या पदवीचा खर्चही आजच्या हिशेबात धरावा.

उत्तर: घोडबंदर रोड

इथले सूर एकाच बाजूला झुकलेले दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी अशाच एका महागड्या खासगी विद्यापीठातून समाजशास्त्र घेऊन पदवी घेतली आहे. तिथे एका वर्गात पंचवीस विद्यार्थी होते, प्रत्येक सत्रात तीन-चार दीर्घ निबंध लिहावे लागत आणि प्राध्यापक ते ओळ न् ओळ वाचून परत देत. अनुदानित महाविद्यालयात शिकलेल्या माझ्या मैत्रिणींना परीक्षेच्या प्रश्नोत्तरांपलीकडे काही लिहायला लावले गेले नाही. लेखनाची ती सवय आणि तिथे जोडलेली माणसे यांच्या जोरावर मला पहिली नोकरी ५० हजारांची मिळाली, आणि ती विद्यापीठाच्याच एका माजी विद्यार्थिनीने सुचवली होती. या गोष्टी कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत.

आता प्रामाणिकपणे उरलेलेही सांगते. माझे तीन चतुर्थांश शुल्क विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्यातून माफ झाले होते. ते नसते तर मी गेले नसते. माझ्या वर्गात पूर्ण शुल्क भरणारे जे होते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी ते शुल्क कर्जाविना भरता येत होते. चोवीस लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन समाजशास्त्र शिकणारे मला तिथे फारसे भेटले नाहीत. ताई, विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य विभागाला उत्पन्नाचे दाखले जोडून पुन्हा एकदा पत्र लिहा. पहिले पत्र आले म्हणजे तो अंतिम निर्णय, असे पालक समजतात. तसे नेहमीच नसते.

पुढील प्रश्न: ऐरोलीतील पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांचा हिशेब मुलीने स्वतः कागदावर करून पाहिला. सात लाख वीस हजारांच्या ओळीवर ती थांबली आणि ‘हे मला कोणी सांगितलेच नव्हते’ एवढेच म्हणाली. आर्थिक साहाय्यासाठी पत्र आज पाठवत आहोत.

आता दोन शंका आहेत. अनुदानित महाविद्यालयात शिकवण्याचा दर्जा खरोखर इतका साधारण असतो का, आणि असेल तर ती उणीव कशी भरून काढावी? दुसरी शंका अशी की तिला प्राध्यापक व्हावेसे वाटते. त्या वाटेवर मिळकतीचे चित्र काय आहे? आणि काका, एक वर्ष तिथे शिकून पाहावे, जमले नाही तर परत यावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. त्यात कर्जाच्या दृष्टीने काय अडचण येईल?

उत्तर: कळवा, समाजशास्त्राचा अध्यापक

दर्जाविषयी घोडबंदरच्या ताईंनी लिहिले ते पूर्णतः नाकारता येणार नाही. वर्गात ऐंशी-शंभर मुले असतात, कित्येक विभागांत एकच पूर्णवेळ शिक्षक उरला आहे आणि बाकीचा भार तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणाऱ्या, अध्यापकांवर आहे. मी स्वतः बरीच वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत. म्हणून महाविद्यालय निवडताना त्याच्या नावाआधी समाजशास्त्र तिथे मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत उपलब्ध आहे का आणि विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, या दोन गोष्टी प्रत्यक्ष जाऊन विचारा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुख्य आणि दुय्यम विषयांची रचना बदलली आहे आणि ठाणे परिसरातील अनेक महाविद्यालयांत समाजशास्त्र दुय्यम विषय म्हणूनच राहिले आहे. मुंबईपर्यंत जाण्याची तयारी असेल तर पर्याय वाढतात. सेंट झेवियर्समध्ये समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांचा एकत्र विभाग आहे. ऐरोलीहून ठाणे गाठून पुढे सीएसएमटीची जलद गाडी, हा प्रवास दमवणारा असला तरी हजारो मुले तो करतात.

उणीव भरून काढण्याबद्दल एवढेच सांगेन की या विषयाला मुंबई हे शहर स्वतःच एक ग्रंथालय आहे. देशातील समाजशास्त्राचा पहिला विद्यापीठ विभाग १९१९ मध्ये इथेच पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो घडवला, आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. तुम्ही राहता त्या नवी मुंबईत गावठाणे, प्रकल्पग्रस्त आणि संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड देण्याची योजना यांचा इतिहास तर दारातच आहे. सुट्टीत तिने एखाद्या संशोधन संस्थेत किंवा स्वयंसेवी संस्थेत सर्वेक्षणाचे काम करावे, मग मानधन अल्प मिळाले तरी चालेल. वर्षाचे जे तीन लाख तुम्ही देणारच होता, त्यातून इंग्रजी लेखन आणि आकडेवारी यांचे चांगले प्रशिक्षण आरामात होईल आणि बराच पैसा एम.ए.साठी शिल्लक राहील.

प्राध्यापकीचे चित्र दोन टोकांचे आहे. कायम नियुक्ती झाली तर सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता मिळतो. परंतु तिथवर पोचण्यासाठी एम.ए., मग नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा, बहुतेक वेळा पीएच.डी., आणि त्यानंतरही रिक्त पदे भरली जाण्याची वाट पाहावी लागते. मधल्या काळात तासिका तत्त्वावर जे मिळते त्यातून तेहेतीस हजारांचा हप्ता भरण्याचा विचारही करू नये. सुट्टीच्या महिन्यांत तर तेही मिळत नाही. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, नेट परीक्षेतून मिळाली तर मात्र महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि त्यावर पीएच.डी. निर्धास्तपणे करता येते. ती परीक्षा कठीण आहे, पण तिच्यासाठी महागडी पदवी लागत नाही. कर्ज नसलेला विद्यार्थी तिच्या दोन-तीन प्रयत्नांसाठी थांबू शकतो. कर्ज असलेल्याला पहिल्या प्रयत्नानंतरच मिळेल ती नोकरी धरावी लागते, आणि माझ्या पाहण्यातले काही हुशार विद्यार्थी याच कारणाने संशोधनाबाहेर गेले.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत समाजशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे म्हणून ही पदवी घ्यावी, असेही तुम्हाला कोणी तरी सांगेलच. विषय उपयोगी पडतो हे खरे, परंतु कोणत्याही शाखेची मुले तो घेतात. त्यासाठी बी.ए.वर लाखो रुपये खर्च करण्याचे कारण नाही.

उत्तर: नौपाडा, निवृत्त बँक अधिकारी

एक वर्षाच्या प्रयोगाविषयी. कर्ज पूर्ण अभ्यासक्रमासाठी मंजूर होते, पण रक्कम टप्प्याटप्प्याने थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते आणि व्याज वितरित रकमेवरच लागते. त्यामुळे पहिल्या वर्षानंतर परत आल्यास २४ लाखांचे नव्हे, आठ लाखांचे आणि त्यावरील व्याजाचे देणे राहील. अडचण तिथे संपत नाही. अभ्यासक्रम सोडला की हप्त्यांतून मिळणारी शिक्षणकाळाची सवलत संपते, आणि तिने लगेच मुंबईत नवीन प्रवेश घेतला तरी बँक ती सवलत पुढे चालू ठेवेलच असे नाही. मंजुरीपत्रात अभ्यासक्रम बदलण्याविषयीचे कलम शोधा, आणि नसेल तर शाखा व्यवस्थापकाकडून लेखी उत्तर मागा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका, कारण व्यवस्थापकांची बदली दर तीन वर्षांनी होते. दहा वर्षांच्या मुदतीने आठ लाखांचा हप्ता साडेदहा हजारांच्या थोडा पुढे येईल, आणि तो तुमच्या पगारातून, मुलगी शिकत असतानाच जाईल, असे धरून चाला. त्या सुमारास धाकटा बारावीला असेल.

साहाय्याच्या पत्राचे उत्तर येईपर्यंत इथल्या महाविद्यालयातील प्रवेश पक्का करून ठेवा, तिथे गुंतणारी रक्कम किरकोळ आहे. खासगी विद्यापीठात मात्र पैसे भरण्याआधी, विद्यापीठ अनुदान आयोगाने शुल्क परताव्यासाठी यंदा कोणत्या तारखा ठरवल्या आहेत आणि वसतिगृहाची अनामत त्यात धरली आहे का, हे पाहून घ्या. आणि साहाय्य वाढून कर्जाची गरज एकूण साडेसात लाखांवर आली, तर मला पुन्हा लिहा. त्या रकमेचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे ९,९०० रुपये येतो, त्यात चार वर्षांचे व्याज मिळवले तरी तो १३ हजारांच्या आत राहतो, घर तारण द्यावे लागत नाही, आणि तेव्हा माझे उत्तर वेगळे असेल.

उत्तर: ऐरोलीतील पालक

आभारी आहे, काका. अनुदानित महाविद्यालयाचा अर्ज उद्याच भरतो. विद्यापीठाने पहिला हप्ता भरण्यासाठी या महिनाअखेरची मुदत दिली आहे. पत्राचे उत्तर तोवर आले नाही, तर तिथे पैसे भरायचे नाहीत, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. उत्तर आल्यावर इथे कळवते.